भाताचे पाठभेद : रायपूरचा बीजसंग्रह, हवामानबदल आणि मराठी ग्रामीण कादंबरी

माधवराव सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा १९०१ साली 'छत्तीसगढ मित्र' या मासिकात प्रसिद्ध झाली. सप्रे मराठीभाषक होते. त्यांनी आयुष्यभर लेखन केले ते हिंदीत. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनी हिंदीत नेले आणि १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. कथेचा विषय साधा आहे. जमीनदार एका अनाथ विधवेची झोपडी बळकावतो. ती त्याच्याकडे चुलीपुरती टोपलीभर माती मागते आणि टोपलीला हात लावण्याची विनंती करते. जमीनदाराला टोपली उचलत नाही. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात या कथेचा उल्लेख इतक्या वेळा झाला आहे, की तिच्या काळाकडे आणि मुलखाकडे पाहावयाचे राहूनच गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत, आणि त्यातही छत्तीसगड, पिळून निघाल्यानंतर लगेचच ही कथा छापली गेली. तरीही तिच्यात दुष्काळ नाही, उपासमार नाही. तिच्यात माती आहे, आणि ती माती आपली म्हणणारी एक बाई आहे. वंचिताकडे काय नाही यापेक्षा त्याच्याकडे काय आहे, याकडे लेखकाची दृष्टी लागली आहे.

ही दृष्टी आज आठवण्याचे कारण वेगळेच आहे. हवामानबदलाविषयीच्या शासकीय आणि आंतरराष्ट्रीय लेखनात छत्तीसगडसारख्या प्रदेशांसाठी 'असुरक्षित प्रदेश' हे बिरुद रूढ झाले आहे. २००८ साली केंद्र शासनाने हवामानबदलाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पुढे राज्यांचेही आराखडे तयार झाले. अशा आराखड्यांतील प्रदेशवर्णन पुष्कळदा एकाच वळणाचे असते : कोरडवाहू शेतीचे मोठे प्रमाण, सिंचनाचा अभाव, दारिद्र्य, आदिवासी लोकसंख्या, जंगलावरील अवलंबन. यातील एकही विधान असत्य नाही. परंतु सगळी विधाने अभावाची आहेत. ज्याला आता 'अनुकूलन' म्हटले जाते, ते या प्रदेशात बाहेरून आणावयाची वस्तू आहे असे गृहीत धरल्याशिवाय असे वर्णन लिहिता येत नाही. हे गृहीत तपासून पाहण्यासाठी रायपूरइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

रायपूरच्या परिसरात सरासरी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. माणदेशातील किंवा मराठवाड्यातील वाचकाला हा आकडा ऐश्वर्याचा वाटेल. तरीही हा मुलूख पुन:पुन्हा दुष्काळात सापडतो, कारण पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी थांबला याला भातशेतीत अधिक महत्त्व असते. जुलैमध्ये पंधरवड्याची ओढ बसली तर एक संकट, सप्टेंबरमध्ये तो लवकर परतला तर दुसरे, आणि दोन्हींवरचा उपाय एक नव्हे. हवामानबदलामुळे ही अनियमितता वाढत असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. पण अनियमितता ही या प्रदेशाला नवी गोष्ट नाही, आणि तिला तोंड देण्याची तजवीजही नवी नाही.

त्या तजविजीची सर्वांत मोठी नोंद रायपूरमध्येच झाली. डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया (१९०९-१९९६) हे कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशातून आणलेल्या बुटक्या, अधिक उत्पादन देणाऱ्या भातजातींचा घाईने प्रसार करण्यास त्यांनी विरोध केला. या जातींबरोबर रोग आणि किडी येतील, असे त्यांचे म्हणणे होते. या मतभेदाची परिणती त्यांना संचालकपद सोडावे लागण्यात झाली. पुढे १९७१ पासून रायपूर येथील मध्य प्रदेश भात संशोधन संस्थेत त्यांनी छत्तीसगडच्या गावागावांतून भाताचे नमुने गोळा करवले. त्यांची संख्या १९,००० च्या घरात गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती संस्था बंद करण्यात आली आणि संग्रह कृषी विद्यापीठाच्या स्वाधीन झाला. १९८७ मध्ये रायपूर येथे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या ताब्यातील भातनमुन्यांची संख्या आता २३,००० च्या पुढे आहे. २००२ साली सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीबरोबर या विद्यापीठाच्या सहकार्याची बोलणी उघड झाली, तेव्हा रायपुरात शेतकरी संघटना आणि नागरिक रस्त्यावर आले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. कोठारात ठेवलेल्या बियाण्यासाठी सामान्य माणसे मोर्चा काढतात, ही घटना साहित्याच्या अभ्यासकांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या संग्रहावर एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो. नमुन्यांची संख्या म्हणजे वाणांची संख्या नव्हे. एकाच वाणाला दोन गावांत दोन नावे असतात, तर एकाच नावाखाली दोन निराळे वाण नांदतात. तेव्हा पुनरावृत्ती काढून टाकली पाहिजे. आक्षेप योग्य आहे. परंतु मराठी संशोधनपरंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला तो परिचित वाटल्यावाचून राहणार नाही. संतांच्या गाथांच्या हस्तलिखितांपुढे संपादक बसतो तेव्हा त्याच्यासमोर नेमका हाच प्रश्न असतो. एकच अभंग चार वह्यांत चार तऱ्हांनी येतो. कोणता पाठ मूळ, कोणता लेखनिकाच्या हातून बिघडलेला, आणि कोणता गायकाने आपल्या गावच्या बोलीप्रमाणे जाणीवपूर्वक फिरवलेला? उत्तम संपादक एक पाठ स्वीकारतो. इतर पाठ मात्र फेकून देत नाही, तळटीपेत राखतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, ती याच शिस्तीने. योगायोग असा की फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर-८' हा बुटका वाण प्रसृत केला तोही १९६६ सालीच. एका ठिकाणी स्वीकृत पाठाखाली हजारो पाठभेद जपले गेले. दुसरीकडे स्वीकृत वाण शेतात आला आणि पाठभेदांना तळटीपेचीही जागा उरली नाही. रिछारियांचा आग्रह तळटीप राखण्याचा होता. त्यांना ती केवळ शीतगृहात राखावयाची नव्हती, एवढाच त्यांच्यात आणि ग्रंथसंपादकात फरक होता. प्रत्येक विकासखंडात त्या त्या मातीच्या वाणांवर तेथेच काम करणारी लहान केंद्रे असावीत, अशी त्यांची योजना होती. ती त्यांनी मांडली त्या रूपात कधी उभी राहिली नाही.

पाठभेद कशासाठी लागतात, हे छत्तीसगडी शेतकऱ्याच्या शब्दसंग्रहातून कळते. तो जमिनीला एका नावाने ओळखत नाही. मुरमाड, पाणी न धरणारी ती 'भाठा', पिवळसर हलकी ती 'मटासी', मधल्या प्रतीची 'डोरसा', आणि काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी 'कन्हार'. उंचावरील शेत 'टिकरा' आणि पाणी उतरून साचते ते सखल शेत 'बहरा'. भातही मुदतीप्रमाणे तीन : लवकर येणारा 'हरुना', मधला 'मंझला' आणि उशिराचा 'माई'. या शब्दांची सांगड घातली की कोष्टक आपोआप तयार होते. टिकऱ्यावर हरुना, बहऱ्यात माई. पावसाने सप्टेंबरात पाठ फिरवली तरी हरुना हाती आलेला असतो. पाऊस उशिरापर्यंत लांबला तर माईला तो मानवतो. पेरणीच्या पद्धतीही अशाच पर्यायी आहेत. पावसाआधी कोरड्यात पेरणे ती 'खुर्रा', चिखलात मोड आलेले बी फेकणे ती 'लेही', आणि फेकून पेरलेल्या भातात महिन्या-सव्वामहिन्याने, शेतात पाणी साचले असताना, उभ्या पिकातून नांगर फिरवून तण व दाटी कमी करणे ती 'बियासी'. भात कापणीआधीच त्याच्या बुडाशी उरलेल्या ओलीवर तिवरा फेकतात, ती 'उतेरा'. एका कुटुंबाच्या वाट्याला यांतील चार प्रकारची जमीन आणि घरात पाच-सहा वाणांचे बी असले, तर पूर्ण बुडण्याचा प्रसंग फार क्वचित येतो. आराखड्याच्या भाषेत याला जोखमीचे विभाजन म्हणावे लागेल.

वाणांच्या नावांतही ही जाण भरली आहे. दुबराज, विष्णुभोग, बादशाहभोग, जवाफूल ही सुगंधी भातांची नावे देवघराची आणि दरबाराची आठवण देतात. गुरमटिया, लुचई, सफरी ही रोजच्या पोटाची. गठवन वातविकारावर, तर लायचा गरोदर स्त्रीला द्यावयाचा अशी समजूत आहे. तिच्या वैद्यकीय खरेखोटेपणाचा निवाडा प्रयोगशाळेने करावा. साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की येथे नाव ही वस्तूच्या उपयोगाची, ऋतूची आणि नात्याची संक्षिप्त कथा आहे.

येथून मराठी ग्रामीण कादंबरीकडे वळल्यास एक प्रश्न विचारावासा वाटतो. गेल्या सत्तर वर्षांत मराठीने दुष्काळाचे, विस्थापनाचे, कर्जाचे जे चित्रण केले, त्याची तोड अन्य भारतीय भाषांत सहज सापडणार नाही. पण त्या चित्रणात आपत्ती जितक्या तपशिलाने आली, तितक्या तपशिलाने तजवीज आली आहे काय?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म नमुना ठरते. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, धनगर वाडी सोडून जातात आणि तरुण मास्तर ओस पडलेल्या वाडीकडे पाहत राहतो. मराठी समीक्षेने हा शेवट शोकात्म मानला आणि तो तसा आहेही. परंतु शोक कोणाचा, हे पाहिले पाहिजे. निवेदक मास्तर आहे. त्याची शाळा, त्याने उभी केलेली तालीम, त्याची नेमणूक ही सारी एका जागी बांधलेली आहेत. मेंढपाळाच्या जगण्यात हलणे हाच जगण्याचा उपाय असतो. माणदेशात 'जगायला जाणे' असा शब्दप्रयोग आहे, आणि त्यातले क्रियापद 'मरणे' नव्हे, 'जगणे' आहे. वाडी ओस पडली हे मास्तरचे सत्य. माणसे जगायला गेली हे वाडीचे सत्य. माडगूळकरांच्या संयमी गद्यात दुसऱ्या सत्यालाही वाव उरतो, हा त्यांचा मोठेपणा होय. त्यांच्यामागून आलेल्या पुष्कळ लेखनाने मात्र मास्तरची नजर उचलली आणि संयम तेथेच ठेवला.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२) निराळ्या काळाची आहे. पदव्युत्तर शिक्षण घेऊन नोकरी न मिळालेला एकनाथ बुलढाण्याच्या कोरडवाहू मातीत परततो आणि शेती, बाजार व घर तिन्ही आघाड्यांवर हरत जातो. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत शेतीकामाचा तपशील भरपूर आहे. या बाबतीत देशमुखांना नावे ठेवता येणार नाहीत. पण हा तपशील वडिलांच्या पिढीकडे स्मृती म्हणून आणि मुलाच्या पिढीकडे ओझे म्हणून येतो. दोघांच्या मध्ये ज्ञानाचे हस्तांतर होताना दिसत नाही. एकनाथच्या शिक्षणाने त्याला जे दिले त्यात त्याच्या बापाच्या शेतीला स्थान नव्हते, ही या कादंबरीतली खरी शोकांतिका. समीक्षेने ती कर्जाच्या आणि भावाच्या चर्चेत बुडवून टाकली.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३) हा प्रश्न उलट बाजूने येतो. धरणामुळे उठलेल्या गावाची म्हैस मागे जंगलात राहते आणि तिला आणायला गेलेल्या माणसाला ती रानटी झालेली आढळते. जनावराने बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेतले. माणसाला ते जमले नाही, कारण त्याचे जाणतेपण त्या विशिष्ट उतारांशी, पाणवठ्यांशी बांधलेले होते. पुनर्वसनाच्या हिशेबात जमिनीच्या बदल्यात जमीन येते. या जाणतेपणाच्या बदल्यात काय द्यावयाचे याचा रकाना नसतो. मराठीत 'अनुकूलन' या शब्दाची इतकी कठोर चिकित्सा अन्यत्र क्वचितच झाली असेल, आणि तीही तो शब्द न उच्चारता.

रायपूरचेच विनोदकुमार शुक्ल (१९३७-२०२५) तुलनेसाठी उपयुक्त आहेत. २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या या लेखकाने नोकरी केली ती रायपूरच्या कृषी महाविद्यालयात, पुढे विद्यापीठात. त्यांच्या कादंबऱ्यांत शेतीचे प्रश्न म्हणून काही नसते. 'नौकर की कमीज' (१९७९) मध्ये गळके छप्पर आहे आणि त्या गळक्या छपराखाली संसार मांडताना केलेल्या असंख्य बारीक जुळवाजुळवी आहेत. शुक्लांचे पात्र तक्रार करण्याआधी भांडे सरकवते. या भांडे सरकवण्याला प्रतिष्ठा देणारे गद्य मराठी ग्रामीण परंपरेत कमी आहे. आक्रोशाला आपण जितके मानले, तितके जुळवाजुळवीला मानले नाही. अर्थात घरमालक छप्पर शाकारत नाही हा अन्याय शुक्लांच्या कादंबरीतही जागच्या जागीच आहे, आणि केवळ जुळवाजुळवीचे कौतुक करणारी समीक्षा त्या घरमालकाच्या सोयीची ठरते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

याच कारणाने पारंपरिक ज्ञानाचे गोडवे गाणे धोक्याचे आहे. बियासीला शेतात साचलेले पाणी लागते. जुलैचा पाऊस लांबला की बियासी लांबते, रोपे निबर होतात आणि उत्पन्न घटते. म्हणजे अनियमित पावसाविरुद्धच्या तजविजीतील एक कडी स्वत:च पावसाच्या मर्जीवर आहे. जुना दुबराज उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो आणि उशिरा येतो. रायपूरच्या विद्यापीठाने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने त्याचा बुटका, लवकर येणारा उत्परिवर्तित वाण काढला, ही जुन्या पाठाशी प्रतारणा नव्हे. तोही एक पाठभेदच आहे. रिछारियांच्या अनुयायांनी कधीकधी हा भेद विसरून प्रत्येक नव्या वाणाकडे संशयाने पाहिले, आणि त्यामुळे त्यांच्या मूळ मुद्द्याचे वजन घटले.

शेतकऱ्याने जुने वाण सोडले ते अज्ञानाने, असे मानणेही बरोबर नाही. २०२३-२४ च्या हंगामात छत्तीसगड शासनाने भाताला क्विंटलमागे ३,१०० रुपये आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी असे धोरण स्वीकारले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे निर्विवाद. परंतु एकरी एकवीस क्विंटल देणारा भात पेरणे हेच अशा धोरणात शहाणपण ठरते. कमी देणारा सुगंधी भात किंवा टिकऱ्यावरचा हरुना त्यात बसत नाही. एकाच राज्यात एक खाते अनुकूलनासाठी विविधतेचा आग्रह धरते आणि दुसरे खाते एकसुरी पिकाला भाव देते. नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हा त्यावरचा अपुरा, तरी स्वागतार्ह उतारा आहे.

शब्द योजनेत शिरले म्हणजे ज्ञान शिरते असेही नाही. २०१८ नंतर छत्तीसगड शासनाने 'नरवा, गरवा, घुरवा, बारी' अशी योजना आखली : ओढा, गुरे, उकिरडा आणि परसबाग. शासकीय योजनेला लोकभाषेतील नावे मिळाली, याचा भाषेच्या अभ्यासकाला आनंदच व्हावा. २०२३ च्या सत्तांतरानंतर तिचा जोर ओसरला. रायपूर शहरातील तळ्यांची गोष्ट याहून जुनी आहे. भोसल्यांच्या अमदानीची आठवण सांगणारे महाराजबंध तळे अजून आहे, पण रजबंधा तळे बुजवले गेले आणि त्याचे नाव मैदानाला उरले. छत्तीसगडात आदर्श गावाच्या तळ्यांची संख्या 'छै आगर छै कोरी', म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी सांगतात. एकशे सव्वीस तळ्यांचा हा हिशेब लोकांच्या तोंडी टिकला. तळी तितकी टिकली नाहीत.

मराठीच्या दृष्टीने हा विषय परका नाही. रायपूरहून पश्चिमेस निघाले की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा झाडीपट्टीचा मुलूख लागतो. तेथेही जमिनीला 'कन्हार', 'मोरंड', 'खरडी', 'सिहार', 'बरडी' अशी नावे आहेत. फेकून पेरणे ते 'आवत्या', रोपे ती 'पऱ्हे', लावणी ती 'रोवणी', आणि तिवऱ्याची 'लाखोळी' होते. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव येथे हजारोंनी आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या शब्दसंकलनाचे जे काम केले, त्याचा विचार मराठीत बोलीविज्ञानाच्या चौकटीत झाला. ते अनुकूलनाचेही दप्तर आहे, असे क्वचितच कोणी म्हटले.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे (निधन २०१८) यांची कथा या मुलखाची. १९८३ मध्ये 'पटेल-३' या वाणाच्या शेतात त्यांना निराळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्यांचे बी वेगळे ठेवले, वर्षानुवर्षे निवडले आणि त्यातून निघालेल्या बारीक भाताला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडले. तो भात झाडीपट्टीतून छत्तीसगडपर्यंत आणि त्याही पलीकडे गेला. घड्याळाचे नाव भाताला देणारा हा शेतकरी परंपरेचा रक्षक होता की आधुनिक प्रयोगकर्ता, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला असता तर तो त्याला निरर्थक वाटला असता. उभ्या पिकात वेगळी लोंबी दिसणे ही वाचनाचीच क्रिया आहे. पाठभेद असाच सापडतो. मराठीत त्यांच्याविषयी बातम्या पुष्कळ आल्या, सत्कारांची छायाचित्रेही आली. पण निवडीच्या त्या वर्षांत रोज शेतात काय पाहिले गेले, कोणत्या लोंब्या टाकल्या आणि का टाकल्या, याचे वर्णन ही कादंबरीची सामग्री होती. ती बातमीत मावणारी नव्हती.

रिछारिया आणि गोविंदस्वामी यांचा 'राइसेस ऑफ इंडिया' या ग्रंथाची १९९० सालची आवृत्ती प्रसिद्ध झाली ती रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, कशेळे येथील 'अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेकडून. भाताच्या वाणांची ही वही अशा रीतीने महाराष्ट्राच्या भातपट्ट्यात छापली गेली. मराठीच्या ग्रामीण साहित्यविषयक संदर्भसूचींत तिला जागा नाही, कारण ती वनस्पतिशास्त्राच्या कपाटात ठेवली जाते. रायपूरच्या शीतगृहातील नमुन्यांना मात्र कपाट पुरत नाही. साठवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती कमी होत जाते, म्हणून ठराविक वर्षांनी ते शेतात पेरून, कापून, नव्याने भरून ठेवावे लागते. त्या वेळी प्रत्येक वाफ्याशी उभे राहून हा दुबराज, ही लुचई, हा निराळा, असे ओळखणारा कोणीतरी लागतो.